करडू नसलेल्या शेळीचं दूध

ताप दुपारी चारच्या सुमाराला यायचा. आधी कमरेत कोणीतरी कुरतडायला लागायचं, मग गुडघ्यांत, मग दोन खांद्यांच्या मधल्या त्या जागेत, जिथे आपलाच हात कधी पोचत नाही. आणि मग थंडी अशी शिरायची की उन्हात बसूनही दात वाजायचे. सकाळी उठावं तर अंगातले कपडे पिळून काढण्याइतके ओले आणि ताप पसार. सुटकामावशीने तीन आठवडे हे कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? सकाळी ती छप्पर झाडायची, पाणी भरायची, शेळ्यांपुढे पाला टाकायची, शेजारणीशी दोन शब्द भांडायची. पाळी लावून कामावर येणाऱ्या दुखण्याला ती दुखणं मानायला तयार नव्हती.

दुकानांची रांग संपून पत्र्याची छपरं सुरू होतात तिथे तिचं घर होतं. दोन खोल्या, आणि मागच्या खोलीच्या भिंतीला टेकून शेळ्यांचं छप्पर. अडलेली शेळी मोकळी करायची म्हणून ती सुटकामावशी. नवऱ्यानेही स्वतःची सुटका करून घेतली, असं ती आपणहून सांगायची. मेला नाही, चालत गेला.

तिचं सगळं होतं ते हातात. बारा वर्षांच्या मुलीचे असावेत असे अरुंद हात, लांब बोटं, मनगट इतकं बारीक की बांगडी राहायची नाही. शेळीच्या पोटात पिल्लू आडवं असलं, एक पाय मागे राहिला, दोन करडांचे पाय एकमेकांत अडकले, की माणसं धावत यायची. मावशी बाही खांद्यापर्यंत सारायची, हाताला साबण आणि तेल चोळायची, हात आत घालायची आणि डोळे मिटून घ्यायची. "बघू द्या जरा," म्हणायची. तिला हाताने दिसायचं. कुठलं डोकं, कुठलं ढुंगण, कोणाचा पाय कोणाचा, सगळं. जनावरांच्या डॉक्टरांनी एकदा तिला रबरी हातमोज्यांचा अख्खा खोका आणून दिला होता. त्यातला एक तिने गळक्या नळाला बांधला आणि बाकीचे तसेच ठेवले. "मोजा घातला की हात आंधळा होतो," ती म्हणाली. नखं ती रोज कापायची, मुळापर्यंत, शेळीला ओरखडा जाऊ नये म्हणून. तिच्या स्वतःच्या बोटांची टोकं मात्र कायम सोललेली. बाहेर आलेलं करडू श्वास घेत नसलं तर ती त्याच्या नाकपुड्यांना तोंड लावून आतला चिकटा ओढून घ्यायची आणि थुंकायची. अशी कितीतरी करडं तिच्या तोंडून या जगात आली होती. त्याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवायची नाही.

दुसरा अभिमान दुधाचा. करडाचं पोट भरल्याशिवाय शेळीचा एक थेंब काढायचा नाही, हा तिचा नेम. त्यावरून तिने लोकांशी वैर घेतलं होतं. करडाला दोरीने लांब बांधून धार काढणाऱ्या एका बाईला तिने भर रस्त्यात विचारलं होतं, "तुझ्या पोराच्या तोंडातून कोणी ओढून घेतलं असतं तर?" ती बाई आजही तिला पाहिलं की पलीकडच्या बाजूने जाते.

म्हणून लेक घरी आली तेव्हा मावशीपुढे अडचण उभी राहिली. लेक शहरात कपडे शिवायच्या कारखान्यात कॉलर शिवायची. लहानपणापासून तिला या छपराचा वास नकोसा. शाळेत मुली तिच्याजवळ बसायच्या नाहीत, आणि त्याचा राग तिने आईवर काढला तो अगदी लग्न होईपर्यंत. तिचं पहिलं चौथ्या महिन्यात गेलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी मशीन बंद, आराम आणि अंगाला लागेल असं खाणं सांगितलं, तेव्हा ती पाचव्या महिन्यात बॅग घेऊन दारात उभी राहिली. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोन दिवस घरी. "राहू ना?" असं तिने विचारलं, परक्या घरी विचारावं तसं.

मावशीला तिला दूध पाजायचं होतं. पण तिच्या दोन्ही शेळ्यांच्या पायाशी करडं होती.

तेवढ्यात दाढीवाल्याची शेळी आली. दाढीवाला म्हणजे साठ-सत्तर शेळ्यांचा कळप बाळगणारा माणूस. तिचा जुना ओळखीचा, तोंडाने फटकळ. त्याच्या कळपात त्या हंगामात एकामागून एक शेळ्या गाभडत होत्या. दिवस भरत आले की पिल्लू मेलेलं बाहेर. एकीची, दुसरीची, तिसरीची वार आत अडकली. तिन्ही वेळा मावशीने ती हाताने सोडवून काढली आणि मेलेल्या पिल्लांसकट मागच्या भिंतीपलीकडे टाकली. तिथे कुत्री वाटच पाहत असायची.

"शिंग लागलं असेल एकमेकींचं," दाढीवाला म्हणाला.

"तिघींना?"

"भांडखोर आहेत. मालकावर गेल्यात." मग तिसऱ्या शेळीची भरलेली कास बघून तो म्हणाला, "ही घेऊन जा, मावशी. हिला पिल्लू नाही, दूध तर उतरलंय. पोरीला होईल."

मावशीला ते एकदम पटलं. पिल्लू गेलेल्या शेळीची कास दगडासारखी होते, शेळी रात्रंदिवस ओरडते. तिची धार काढणं म्हणजे तिला मोकळं करणं. आणि या दुधावर कोणाचा हक्क नाही. कोणाच्या तोंडचं काढून घेतलेलं नाही. इतकं निर्दोष दूध तिला आयुष्यात मिळालं नव्हतं. रोज सकाळी ती भांडं भरून आणायची आणि फेस खाली बसायच्या आत लेकीच्या हातात द्यायची. निरसं, कोमट. तापवायची नाही. तापवलं की दुधातला जीव जातो, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. लेक सुरुवातीला नाक दाबून प्यायची आणि ओठांवरची पांढरी मिशी पुसायची. दोन महिन्यांत तिचे गाल भरले. एकदा ती म्हणाली, "आई, आता वास येत नाही ग मला." बाहेर जाऊन मावशीने त्या शेळीची पाठ कितीतरी वेळ खाजवली.

तापाला ती बधली नसती. पण एका सकाळी शेजारच्या आळीत, शेळीच्या पोटात हात असताना, मनगट आखडलं. दुखलं म्हणून नव्हे. हाताला दिसेनासं झालं. पाय आहे की मान, कळेना. तिने हात बाहेर काढला आणि मालकिणीला म्हणाली, "थांब जरा." असं ती कधी म्हणाली नव्हती. दुसऱ्या खेपेला पिल्लू निघालं, जिवंत निघालं, पण त्याच दुपारी मावशी दवाखान्यात गेली.

दवाखाना म्हणजे पुढे एक लांबट खोली आणि मागे बाळंतपणाची. हिरवं बाक, वजनकाटा, हळू फिरणारा पंखा. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस मागे घट्ट बांधलेले. त्यांनी रक्त घेतलं. जरा वेळाने पांढऱ्या पट्टीवर त्या रक्तातल्या पाण्याचा एक थेंब टाकला, शेजारी गुलाबी औषधाचा एक, दोन्ही काडीने कालवले आणि पट्टी हातात धरून हेलकावत राहिल्या. मावशी वाकून बघत होती. गुलाबी थेंबात बारीक कण धरायला लागले.

"फाटलं," मावशी म्हणाली. "दूध फाटतं तसं."

"हो. तसंच." डॉक्टरीणबाईंनी एक छापील कागद ओढला. "मावशी, आता विचारते त्याची खरी उत्तरं द्यायची. शेळ्यांची बाळंतपणं करता?"

"सात गल्ल्यांची."

"हातात काही घालून?"

"बांगडीसुद्धा नाही."

"वार हाताने काढता? बोटांना जखमा असतात?"

मावशीने बोटं पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी ती बघितली आणि कागदावर खूण केली. मेलेलं पिल्लू कुठे टाकता, छपरातलं शेण-लेंड्या कोण झाडतं, कोरडंच झाडता की पाणी मारून, झोपायची खोली छपरापासून किती लांब. मावशी फडाफडा उत्तरं देत होती. कोणीतरी पहिल्यांदा तिचं काम इतकं बारकाईने विचारत होतं. करडाच्या नाकाला तोंड लावण्याचं तर तिने न विचारता सांगितलं. बाईंचं पेन थांबलं.

"शेळ्या गाभडण्याची एक साथ असते," त्या म्हणाल्या. "तोच जंतू माणसाला होतो. वारेतून, रक्तातून, झाडताना उडणाऱ्या धुळीतून. आणि निरशा दुधातून. ताप येतो, जातो, सांधे धरतात. सहा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतील, एकही चुकवायची नाही. गाभडलेल्या शेळीच्या दुधात तो सगळ्यात जास्त असतो."

पंखा फिरत होता. मावशीला त्याचं प्रत्येक पातं वेगळं दिसायला लागलं.

"बाई," ती म्हणाली, "बाईमाणसाच्या पोटातल्याला यानं काही होतं?"

"होऊ शकतं. शेळीचं होतं तसंच. का? घरात कोणी आहे?"

"नाही," मावशी म्हणाली. "असंच विचारलं."

कागदावर शेवटची खूण झाली.

का खोटं बोलली, ते तिला रस्त्यात कळेना. सायकलवाल्याच्या दुकानापाशी ती थांबली, परत फिरली, दवाखान्याच्या पायरीपर्यंत आली, पुन्हा वळली. तिचं तिलाच नवल वाटलं. पिल्लू आत आडवं आहे हे कळल्यावर मालकाला तोंडावर सांगायला ती कधी कचरली नव्हती. पण तिथे आत घातलेला हात तिचा असायचा, आतलं संकट दुसऱ्याचं. इथे दोन्ही तिचंच होतं. आणि लेकीने तिच्या हातून घेतलेली एकच गोष्ट होती, हे दूध, आयुष्यात पहिल्यांदा, नाक न मुरडता.

दुसऱ्या दिवशी तिने दूध काढलं आणि मोरीत ओतलं.

"शेळी आटली," ती लेकीला म्हणाली.

"काल तर भांडं ओसंडत होतं."

"जनावर आहे. त्याला काय, मनात आलं आटलं."

लेक बघत राहिली. मावशी ओसरीतून छपरात, छपरातून ओसरीत, तिथून रस्त्यावर, पुन्हा आत. तिने भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. लेकीच्या चेहऱ्याकडे ती चोरून बघायची, आणि लेकीने वर पाहिलं की भिंतीकडे. तिच्या गोळ्या तिने तांदळाच्या डब्यात लपवल्या होत्या.

"आई, बस ना एका जागी," लेक म्हणाली. "पायाला भिंगरी लावलीय का? तुझ्याकडे बघून माझं पोट ढवळतंय."

"ढवळतंय म्हणजे? दुखतंय? कुठे?"

"बोलायची पद्धत आहे ग ती."

पोटातलं हलतंय का, हे मावशीने त्या दिवशी अकरा वेळा विचारलं. हाताने बघायचा तिला धीर होईना. साऱ्या आळीच्या शेळ्यांच्या पोटावर हात ठेवून सांगणारी बाई, पण लेकीच्या पोटाकडे गेलेला हात अर्ध्यातून मागे यायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पाला घेऊन आली, आणि मागच्या भिंतीला टेकून लेक उन्हात बसलेली दिसली. अंगावर घोंगडी. पाय पोटाशी जितके येतील तितके ओढलेले. बाहेर इतकं ऊन की पत्रा तडतडत होता, आणि पोरीचे दात वाजत होते.

मावशीच्या हातातला पाला खाली पडला. शेळ्या त्यावर तुटून पडल्या.

"कधीपासून?"

"जाते थोड्या वेळाने. रोज येते आणि जाते."

"कधीपासून, विचारलं मी."

"आठ-दहा दिवस झाले असतील. तुला सांगणार होते. पण तू आधीच अशी येरझाऱ्या घालत होतीस, म्हटलं हिच्या डोक्याला आणखी..." लेकीने घोंगडी ओढून घेतली. "आई, तू अशी का बघतेस?"

मावशी तिच्यासमोर जमिनीवर बसली. आणि सांगितलं. सगळं, उलटसुलट, शेवट आधी आणि सुरुवात नंतर. फाटलेला थेंब, दाढीवाल्याच्या शेळ्या, दूध, बाईंनी विचारलेलं, तिने दिलेलं उत्तर. लेक ऐकत होती. पुढ्यातला पाला संपवून शेळ्या आता दोघींच्या पदरांना हुंगत होत्या.

"तुला कधी कळलं?" लेकीने विचारलं.

"परवा."

"परवा."

"हो."

"म्हणजे दोन दिवस." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "दोन दिवस तू भांडी घासत होतीस."

मावशीला वाटलं, ही ओरडली असती तर बरं झालं असतं. लेक भिंतीला धरून उठली आणि चप्पल शोधायला लागली.

दवाखाना सहाला बंद व्हायचा. रस्ता मावशीने त्या दिवशी पहिल्यांदा मोजला, लेकीच्या पावलांनी. सायकलवाला, केस कापायचं दुकान, बंद पडलेली गिरणी. लेक दर पन्नास पावलांवर थांबायची, एका हाताने पोट धरून, दुसरा हात कुठेच न टेकता. मावशीने आधार द्यायला हात पुढे केला तर म्हणाली, "चालते मी." घोंगडी मावशीच्या खांद्यावर होती, लेकीचा घाम निथळत होता, आणि मावशीलाही तिची वेळ झाल्यामुळे थंडी वाजायला लागली होती. समोरून येणारा एक ओळखीचा म्हणाला, "काय मायलेकी, फिरायला?"

डॉक्टरीणबाई कुलूप हातात घेऊन उभ्या होत्या. लेकीचं पोट त्यांनी बघितलं, मग मावशीकडे बघितलं.

"असंच विचारलं होतं, नाही का?" त्या म्हणाल्या आणि दार पुन्हा उघडलं.

पट्टीवरचा थेंब या वेळीही फाटला. मग बाईंनी लेकीला आडवं केलं, पोटावर ठोके ऐकायचं छोटं यंत्र ठेवलं आणि सरकवत राहिल्या. खरखर. पुन्हा खरखर. मावशी भिंतीला लागून उभी होती. तिने आयुष्यात मेलेली पिल्लं पुष्कळ हाताळली होती. ती आत असतानाच कळायची, त्यांचं वजन वेगळं लागायचं. इथे तिला काहीच कळत नव्हतं. मग खरखरीतून ठोके निघाले, घाईघाईने, कोणीतरी पळत येत असल्यासारखे.

"आहे," बाई म्हणाल्या. "आत्ता तरी व्यवस्थित आहे. पुढची हमी मी देणार नाही. औषध आजपासून. दोघींनी. आणि मावशी, दूध उकळायचं. वर येऊ द्यायचं."

"उकळलं की त्यातला जीव जातो," मावशीच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"तोच घालवायचाय."

त्या मग पुन्हा कागद घेऊन बसल्या. शेळ्या कोणाच्या, दूध कोणाकोणाकडे जातं. मावशीने या वेळी एकही घर गाळलं नाही. त्यानंतर जनावरांचे डॉक्टर आठवडाभर दाढीवाल्याच्या कळपातल्या शेळ्यांचं रक्त काढत होते. करडू नसलेली ती शेळी त्यांनी गाडीतून नेली. जाताना ती ओरडली नाही, मावशीकडे वळून बघत राहिली. दाढीवाला तणतणत घरी आला.

"अर्धा कळप उचलला माझा. मावशी, इतक्या वर्षांची ओळख, आणि माझं नाव सांगितलंत?"

"खाली बसून बोला."

"बसता येत नाही, तीच तर पंचाईत. दोन महिने कंबर धरलीय. संध्याकाळी ताप भरतो."

मग आत लेक खुदकन हसल्याचा आवाज आला, बऱ्याच दिवसांनी. दाढीवाल्यालाही तिथूनच दवाखान्यात पाठवलं.

पण ते हसू दाढीवाल्यापुरतं होतं. आईशी लेक कामापुरतं बोलायची. गोळ्या घ्यायच्या वेळी दोघी समोरासमोर बसायच्या, पाण्याचा एकच तांब्या मध्ये. पहिल्या सकाळी लेक संडासातून पांढरीफटक होऊन बाहेर आली होती. "लघवीला लाल होतंय," एवढंच म्हणाली. "मलापण," मावशी म्हणाली. "गोळीचा रंग आहे. बाईंनी सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस." लेक दाराला टेकून श्वास घेत राहिली. सहा आठवडे असे गेले. दिवस सरत होते, पण मावशीला ते पुढे जाताना दिसत नव्हते. दाढीवाल्याच्या तिन्ही शेळ्यांची पिल्लं शेवटच्या महिन्यातच गेली होती, हे तिच्या डोक्यातून जाईना. लेकीच्या कुशीवर वळण्याचा, खोकल्याचा, भांडं खाली ठेवण्याचा आवाज आला की ती उठून उभी राहायची. ताप दोघींचा गेला. तिची उठबस गेली नाही.

दिवस भरायच्या दहा दिवस आधी, सकाळी अकराच्या सुमारास, दवाखान्याच्या मागच्या खोलीत मुलगी झाली. मावशीला आत घेतलं नाही. तिने पहिलं रडणं बाकावरून ऐकलं, आणि दुसरं रडणं येईपर्यंत उभी होती. बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं. ते मोठ्या तपासणीला बाहेर पाठवायचं होतं, निकाल यायला पाच दिवस. दिसायला पोर नीट होती. बारीक, पण नीट.

तासाभराने तिला आत बोलावलं. लेक उशीला टेकून बसली होती. पोर तिच्या मांडीवर तोंड वासून, मान इकडेतिकडे फिरवत, हवेत शोधत होती. लेकीच्या झग्याला पुढे ओल आली होती, चीक उतरला होता, आणि ती पोरीला छातीपासून हातभर लांब धरून बसली होती.

"भूक लागलीय तिला," मावशी म्हणाली.

"दिसतंय मला."

"मग?"

लेक खाली बघत म्हणाली, "आई, पाजू?"

मावशीचे पाय जिथल्या तिथे थांबले. "डॉक्टरीणबाईंना विचार."

"त्यांना विचारलं. औषध पुरं झालंय, पाज म्हणतात. तुला विचारतेय."

दुधाबद्दल मावशीला आता काय माहीत होतं? जे माहीत होतं त्यानेच हे इथवर आलं होतं. ती पलंगाच्या कडेला बसली. पोरीची मान पुन्हा वळली, या बाजूला, त्या बाजूला, आणि ती रडायला लागली. नुसतं रडणं नव्हे, हक्काने मागणं होतं ते.

"मला कळत नाही ग," मावशी म्हणाली. "खरंच सांगते. बाईंना कळतं. त्या म्हणतात तर पाज."

लेकीने तिच्याकडे बघितलं. मग पोरीला जवळ घेतलं.

मावशीला तिथे बसवेना. ती उठून बाहेर आली, हिरव्या बाकापासून दारापर्यंत गेली, दारापासून बाकापर्यंत आली. आतलं रडणं थांबलं होतं. ती पुन्हा दाराकडे गेली आणि कान देऊन उभी राहिली. पोर लुचत होती, मध्येच श्वास घ्यायला थांबत होती. पाच दिवसांतला पहिला अजून पुरा झाला नव्हता.

"आई," आतून लेक म्हणाली, "तिथे काय घिरट्या घालतेस? आत येऊन घाल."